रंगाखालचा सांधा

धोंडबानं खिशातून दोन रुपयांचं नाणं काढलं आणि होडीच्या पोटावर ते वाजवत तो हळूहळू पुढे सरकू लागला. होडी अंगणात, टिनाच्या शेडखाली, चार लाकडी ठोकळ्यांवर उलटी ठेवलेली होती. सतरा फुटांची, शिडाची. तळ वर आणि तोंड खाली. नाण्याचा आवाज भरीव येत होता. टक, टक, टक. तळाच्या मधोमध जी लांब फट होती तिच्याजवळ तो आला आणि आवाज बदलला. टप.

धोंडबा थांबला. एक पाऊल मागे गेला, पुन्हा वाजवलं. टक. पुढे आला. टप.

"मोहरीलसाहेब, हे पाहा जी. इथं आत काही नाही वाटते."

केशव मोहरील दुसऱ्या बाजूला वॉटर पेपरनं प्रायमर घासत होता. त्याचा हात जागच्या जागी राहिला. तो लगेच उठला नाही.

"तिथे तसाच आवाज येतो," तो म्हणाला. "खाली पेटी आहे ना. पोकळच असते ती."

"पेटी इकडं हाय. मी तिच्या बाजूचं सांगून राहिलो." धोंडबानं नखानं जागा दाखवली. "आन् ही लाइन पाहा, केसावानी. म्या हिच्यावर कोट मारला त पंधरा दिवसात फाटते. मंग लोक म्हणतीन, धोंडबाले रंग लावता येत नाही."

"कोण म्हणणार आहे?"

"कोनी नाही म्हणनार. मीच म्हणीन."

धोंडबा खापा गावचा. चाळीस वर्षं त्यानं ट्रकचे फाळके रंगवले, दुकानांच्या पाट्या लिहिल्या, देवळांची दारं रंगवली. छापील फलक आल्यावर पाट्यांचं काम गेलं, पण हात गेला नव्हता. केशवच्या जुन्या ऑफिसातल्या एका माणसानं त्याचं नाव सुचवलं होतं. शेवटचा हात, म्हणजे दोन डब्यांतला माल एकत्र करून लावायचा तो कडक, चकाकणारा निळा रंग, त्यानं उद्या सकाळी मारायचा असं ठरलं होतं. तो एकदा वाळला की काचेसारखा होतो. मग खाली काय आहे ते कोणाला दिसत नाही, आणि बघायचं म्हटलं तर सगळं खरवडावं लागतं.

केशवनं ती रेघ तीन दिवसांपूर्वीच पाहिली होती. पाहिली, तिच्यावरून बोट फिरवलं, आणि मग घरात जाऊन चहा ठेवला होता. चहा उकळून उकळून काळा झाला तेव्हा त्याला कळलं की आपण अजून ओट्यापाशी उभे आहोत. त्यानंतर त्यानं त्या बाजूला पाहायचंच सोडलं. घासायचं काम त्यानं मुद्दाम दुसऱ्या बाजूनं घेतलं होतं.

"जरा फोन करून येतो," तो म्हणाला आणि घरात गेला.

केशव रेल्वेच्या वर्कशॉपात ड्राफ्ट्समन होता. उभा जन्म दुसऱ्यांच्या नकाशांवर रेघा मारण्यात गेला. रिटायर झाल्यावर त्यानं एका परदेशी माणसाकडून होडीचे नकाशे मागवले आणि प्रताप नगरातल्या घराच्या अंगणात मरीन प्लायचे तक्ते आणून टाकले. गल्लीत हसू झालं. भिंतीपलीकडच्या यमुताई येता-जाता म्हणायच्या, "भाऊजी, जहाज सुटायच्या आधी सांगून ठेवा, आम्ही पापड-कुरड्या बांधून घेतो." त्याची बायको लतिका होडीला सवत म्हणायची. "जेवायला बसते का तुमची ती, का मी एकटीच बसू?" असं खिडकीतून विचारायची. पण फळी धरायची वेळ आली की पदर खोचून तीच बाहेर यायची. घट्ट रेझिन, लाकूड सांधायचा तो चिकट माल, फटीत भरायला प्लास्टिकच्या पिशवीचा मेंदीसारखा कोन करायचा, हे तिनंच शिकवलं होतं.

गेल्या मे महिन्यात लतिका गेली. सकाळी अकराच्या सुमाराला, स्वयंपाकघरात.

त्या वेळी केशव याच फटीचं काम करत होता. होडीच्या पोटात मधोमध एक उभी पेटी असते. तिच्यातून एक जाड फळी खाली पाण्यात सोडतात. वाऱ्यानं होडी आडवी वाहत जाऊ नये म्हणून ती फळी. वारा शिडाला ढकलतो आणि पाणी त्या फळीला ढकलतं. त्या दोघांची सगळी ओढाताण जिथे पेटी तळाला मिळते त्या सांध्यावर येते. होडीत सगळ्यात नाजूक जागा तीच. पेटीच्या दोन्ही अंगांना तीन-तीन फूट लांब आणि बोटाच्या पेराएवढी खोल अशी खाच असते. ती रेझिननं ठासून भरावी लागते. ती रिकामी राहिली तर काठाजवळ काही कळत नाही. तलावाच्या मध्यावर, जोराचा वारा सुटला की मग कळतं.

लतिकानं आतून हाक मारली तेव्हा रेझिन कालवलेलं होतं. मे महिन्यात कालवलेलं रेझिन दहा मिनिटं टिकतं. मग ते कपातच तापतं, धूर सोडतं आणि दगड होतं. केशव म्हणाला होता, "आलो, दोन मिनिटं." इथवर त्याला स्वच्छ आठवत होतं. त्यानंतरचं आठवत होतं ते एकदम स्वयंपाकघर. फरशीवर कुशीवर पडलेली लतिका, तिच्या हातातली एक बांगडी फुटलेली, आणि आपल्या बोटांना चिकट रेझिन असल्यामुळे तिचे केस तोंडावरून बाजूला करता येईनात.

मधलं काही नव्हतं. डॉक्टरांनी विचारलं, किती वेळ झाला पडून? तो म्हणाला, आत्ताच, आवाज ऐकला तसा धावलो. चिन्मयीला, त्याच्या मुलीला, त्यानं तेच सांगितलं. यमुताईंना, साळ्यांना, ऑफिसच्या लोकांना, तेराव्याला आलेल्या प्रत्येकाला तेच सांगितलं. आवाज ऐकला तसा धावलो. पन्नास वेळा सांगितल्यावर त्याला तसं दिसायलाही लागलं होतं. हातातला कोन फेकून आपण पळत सुटलो आहोत असं.

ते खरं असेल तर सांधा रिकामा होता. आणि सांधा भरलेला असेल तर ते खरं नव्हतं.

हे त्याला तीन दिवसांपूर्वी, रेघेवरून बोट फिरवताना कळलं होतं. एका बाजूची खाच भरायला त्याला पाच-सहा मिनिटं लागत. आपल्या हाताचा वेग त्याला पक्का ठाऊक होता. तिथे किती माल गेला आहे हे पाहिलं की तो किती वेळ बाहेर थांबला होता हे घड्याळासारखं कळणार होतं.

खरं तर ते कळायची वेळ आलीच नसती, पण घरच्या माणसांनी त्या दिवसांत जे केलं त्यामुळे ती आली. दुःखाच्या घरात माणसं डोळ्यांसमोरच्या वस्तू हलवतात. यमुताईंनी लतिकाच्या चपला नेल्या, चिन्मयीनं औषधांचा डबा लपवला, फुटलेल्या बांगडीचे तुकडे कोणी उचलले ते कळलंही नाही. जावई रोहित साधा आणि मायाळू माणूस. त्याला वाटलं, बाबा अंगणात येतील आणि काम जिथे तुटलं ती जागा त्यांना दिसेल. सुतक चालू असताना एका सकाळी त्यानं डब्यातली पुट्टी घेऊन तो पूर्ण सांधा वरून गुळगुळीत ओढून टाकला. केशवनं दसऱ्यानंतर पुन्हा काम धरलं तेव्हा तळ एकसारखा दिसत होता. त्यानं त्यावर काचेच्या कापडाची पट्टी चिकटवली, प्रायमर मारला. खाली काय आहे ते पाहिलं नाही. तेव्हा त्याला बरंच वाटलं होतं.

आता त्यानं रोहितला फोन लावला.

"रोहित, एक विचारायचं होतं. तू तेव्हा होडीला पुट्टी लावली होतीस."

"हो बाबा. काहून, निघून राहिली का?"

"नाही. लावलीस तेव्हा ती खाच... भरलेली होती की खोल होती?"

"बाबा, खरं सांगू का? मी पाहिलंच नाही. मला तिकडे पाहवत नव्हतं. डोळे मिटून लावल्यासारखी लावली. काही चुकलं का माझं?"

"नाही, नाही. काही नाही."

मागून आवाज आले आणि फोन मयुरानं घेतला. ती केशवची नात, आठ वर्षांची. "आबा! माझं जॅकेट आलं. केशरी. मी ते घालूनच झोपली. आणि मी पेटीवरच बसणार आहे, तुम्ही म्हटलं होतं ना की सगळ्यात चांगली जागा तीच आहे."

"हो."

"बुडलं तर जॅकेट वर येते का हो, का आपल्याला पण घेऊन येते?"

"घेऊन येते," केशव म्हणाला. "आईला दे."

चिन्मयी म्हणाली, "बाबा, मी दुपारी येते मयुराला घेऊन. तिला रंग पाहायचाय. रविवारचं नक्की ना? खिंडसी तलावावरच्या त्या माणसाला मी हो म्हणून टाकलंय, टेम्पोवालाही येतो म्हणाला." मग जरा थांबून, "आई असती तर पहिली चढली असती ना?"

केशवनं फोन ठेवला. फेब्रुवारीची सकाळ होती, अंगणात गारवा होता, आणि त्याच्या सदऱ्याची पाठ ओली झाली होती.

बाहेर न जाता काय काय करता येईल याचा त्यानं विचार केला. होडीच्या लाकडाला वाळवी लागली असं सांगता येईल. टेम्पो रद्द करता येईल. आणखी दोन पट्ट्या वरून चिकटवता येतील. पण रिकाम्या खाचेवर दहा पट्ट्या मारल्या तरी ती रिकामीच राहते, हे त्याच्याइतकं कोणाला माहीत होतं? आणि वाळवीचं सांगितलं तर चिन्मयी म्हणेल, चला पाहू कुठे लागली. ती तशीच होती, लहानपणापासून. खेळणं बिघडलं की उघडून पाहायची.

मग त्याला एक वाट सुचली. तो बाहेर आला.

"धोंडबा, तू उघड ती जागा. पटाशी घे. पट्टी कापून काढ, पुट्टी खरवड, आत जिथे रिकामं असेल तिथे मी माल कालवून देतो तो भर. वरून बंद कर."

"आन् तुमी?"

"मी आत आहे. आत काय निघालं ते मला सांगू नको."

धोंडबानं त्याच्याकडे पाहिलं. "हे कसं जी? पोटाचं ऑपरेशन हाय का, का माणूस निजवून करायचं?"

"तू कर ना गा."

"करतो. पण मले होडीतलं काही समजत नाही, ते ध्यानात ठेवजा. म्या आजवर कोनाच्या पोटात हात नाही घातला, वरूनच रंगवलं."

केशव घरात गेला आणि दार लोटून समोरच्या खोलीत बसला. स्वयंपाकघरात जायची त्याची हिंमत झाली नाही. पटाशीचा आवाज येऊ लागला. आधी करकर, कापड फाटल्यासारखी. मग पुट्टीचा भुसभुशीत, खडू खरवडल्यासारखा आवाज. तो कान देऊन ऐकत होता आणि ऐकायचं नाही म्हणत होता. पटाशी रेझिनला लागली तर खणकन आवाज येणार. लाकडाला लागली तर बद्द. त्याला दोन्ही नको होते. त्यानं गुडघ्यांवर तळवे दाबून धरले.

खण.

थोड्या वेळानं पुन्हा, खण, खण. मग बराच वेळ काहीच नाही.

दार उघडून धोंडबा उंबऱ्यात उभा राहिला. अंगावर पांढरी धूळ. "साहेब, मले समजून नाही राहिलं. एक बाजू पक्की भरली हाय, लोखंडावानी. दुसरी बी भरली हाय, पण शेवटाले नाही. आन् शेवट असा काही केला हाय का तो कापू का ठेवू, ते तुमीच येऊन सांगा."

"मी म्हटलं होतं सांगू नको."

"हो म्हटलं होतं. पण तुमची नात बसनार हाय ना त्याच्यावर? म्या चुकीचं कापलं आन् काही झालं त मी कोनाले तोंड दाखवू? चला."

केशव उठला. दारापासून शेडपर्यंत दहा-बारा पावलं असतील.

डाव्या अंगाची खाच अख्खी भरलेली होती. तीन फूट. भुरक्या रंगाचा कडक माल, काठोकाठ, कुठे एक बुडबुडा नाही. उजवी बाजूही भरलेली होती, पुढच्या टोकापासून मागे, मागे, आणि मग टोकाला चार बोटं जागा सोडून माल संपला होता. तेवढी जागा खोल आणि कोरडी. तळाशी प्लायचा पिवळा रंग अजून तसाच होता.

आणि जिथे माल संपला होता ते टोक धोंडबा दाखवत होता. ते तुटलेलं नव्हतं, कोन ओढून घेतल्यासारखं लोंबलेलंही नव्हतं. ते पुट्टी ओढायच्या पत्तीनं तिरपं उतरवलेलं होतं, उतरणीसारखं, आणि त्या उतरणीवर पत्तीच्या कडेनं बारीक आडव्या रेघा मारल्या होत्या. सारख्या अंतरावर. सात रेघा.

"हे कोनी केलं जी? काहून केलं?"

"मी केलं," केशव म्हणाला. "पुढचा माल पकडावा म्हणून करतात. एका वेळेला कालवलेलं संपलं आणि दुसरं कालवून जोडायचं असलं म्हणजे."

"म्हंजे काम बराबर हाय?"

"बरोबर आहे."

तो खाली बसला. मातीत, तसाच. घाईनं सोडलेलं काम असं नसतं. घाईतला माणूस रेघा मारत नाही. त्यानं कपातला सगळा माल संपवला होता, कप पुसून घेतला होता, टोक उतरवलं होतं, सात रेघा मारल्या होत्या. दहा मिनिटं, कदाचित बारा. आणि आता त्याला आणखी एक गोष्ट आठवली, ती आठवली नसती तर बरं झालं असतं. ते टोक उतरवून झाल्यावर त्यानं मागे सरकून दोन्ही बाजू पाहिल्या होत्या, आणि काम छान झालं म्हणून त्याला आनंद झाला होता. त्या आनंदातच तो लतिकाला बोलवायला आत गेला होता. बघ म्हणावं, तुझा कोन कसा चालला.

धोंडबानं पाणी आणून दिलं. "चार बोटंच त राहिलं," एवढंच म्हणाला. "भरून घेऊ."

"आज नाही."

"काहून?"

"चिन्मयी येते आहे."

ती येईपर्यंतचे दोन तास केशवनं अंगणातच काढले. भरून टाकता आलं असतं. वर पट्टी, वर पुट्टी, कोणाला काय कळणार होतं. धोंडबाला काही माहीत नव्हतं आणि माहीत असतं तरी तो बोलला नसता. दोनदा त्यानं रेझिनचा डबा हातात घेतला आणि दोनदा ठेवला. भीती वेगळीच होती आता. सकाळपर्यंत काय दिसेल याची होती. आता ते दिसलं होतं, आणि चिन्मयी त्याच्याकडे कशी पाहील याची होती. त्याला आता जगात ती एकच उरली होती.

दुपारी स्कूटर फाटकाशी थांबली. मयुरा केशरी जॅकेट घालूनच आली होती. धोंडबानं तिला पाहिलं आणि केशवकडे पाहिलं. "ये वं बेटा, तुले रंग दाखवतो. डब्यात पाहजो कसा समुद्रावानी हाय." तो तिला शेडच्या पलीकडच्या टोकाला घेऊन गेला.

चिन्मयीनं उघडलेला सांधा पाहिला. "हे काय? फोडलं काहून?"

"रिकामं होतं एका टोकाला. भरायचंय." तो सांध्यापाशी वाकला. "चिन्मयी, मी हे तुझ्या आईच्या दिवशी भरत होतो. त्या सकाळी."

"माहीत आहे मला."

"तिनं हाक मारली. मी दोन मिनिटं म्हटलं. मग मी हे भरलं. हे सगळं. ही बाजू आणि ही बाजू, इथपर्यंत. मग आत गेलो." त्यानं सात रेघांवर बोट ठेवलं. "आवाज ऐकला तसा धावलो, असं मी सगळ्यांना सांगितलं. तसं नव्हतं."

तिनं वाकून त्या रिकाम्या जागेत हात घातला. चार बोटं मावली.

"किती वेळ?"

"दहा मिनिटं. बारा असतील."

"तुम्हाला हे आधीपासून माहीत होतं?"

"नाही. आज पाहिलं. पण..." तो थांबला. "भीती होती. म्हणून पाहत नव्हतो."

तिनं हात काढला, ओढणीला पुसला. तिचा चेहरा केशवला वाचता येईना, आणि तेच सगळ्यात वाईट होतं. ती रडली असती, ओरडली असती तर त्याला काही धरायला मिळालं असतं.

"हे मला काहून सांगितलं?" ती म्हणाली. "चूपचाप भरून टाकलं असतं तर मला आयुष्यभर कळलं नसतं."

सांगितलं नसतं तर रविवारी तिच्या शेजारी होडीत बसता आलं नसतं, असं काहीतरी त्याच्या मनात होतं, पण ते बोलण्यासारखं वाटेना.

"मयुरा," चिन्मयीनं हाक मारली. "चल."

"इतक्यात? आबा, रविवारी जायचं ना?"

"आबांचं काम राहिलंय," चिन्मयी म्हणाली. "चल म्हटलं ना." स्कूटर सुरू करताना तिनं मागे पाहिलं नाही. "मी फोन करीन," एवढं म्हणाली, ते त्याला म्हणाली की हवेत, ते कळलं नाही.

त्या दिवशी बुधवार होता. संध्याकाळी केशवनं रेझिन कालवलं आणि ती चार बोटं भरली. गार हवेत माल हळू वाळतो, घाई नव्हती. गुरुवारी त्यानं दोन्ही अंगांना नव्या पट्ट्या चिकटवल्या. धोंडबानं पुट्टी ओढली, घासली, नाणं वाजवलं. टक, टक, टक, या टोकापासून त्या टोकापर्यंत. शुक्रवारी सकाळी, ऊन चढायच्या आत, त्यानं तिथला प्रायमर मारला. केशव प्रत्येक गोष्ट करत होता आणि त्याचा एक कान घरात होता. फोन दोनदा वाजला. एकदा टेम्पोवाला. एकदा यमुताई, भाऊजी, जहाज कधी निघते म्हणून विचारायला. दोन्ही वेळा तो हातातलं काम टाकून फोनपर्यंत गेला.

नाही केला फोन तर? या वयात एखादं माणूस रुसत नाही, ते निघून जातं. सणाला येतं, पाया पडतं, नातीला पुढे करतं, पण निघून गेलेलं असतं. वर्कशॉपातल्या लोकांच्या कितीतरी घरांत त्यानं हे पाहिलं होतं. एका ताटात जेवणारी माणसं, आणि मध्ये कधीही न बोलायची एक गोष्ट. आपल्या घरात ती गोष्ट आपणच आणून ठेवली, असं त्याला रोज वाटत होतं आणि तरी ती परत घ्यावी असं एकदाही वाटलं नाही.

शनिवारी सकाळी सहाला धोंडबा पहिल्या बसनं आला आणि त्यानं निळा रंग मारला. एक शब्द बोलला नाही, ब्रश मध्ये कुठे थांबवला नाही, श्वासही जपून घेत होता. दोन तासांत तळ आरशासारखा झाला.

साडेआठला फोन आला.

"बाबा." चिन्मयीच होती. "काय म्हणाली होती ती? हाक मारली तेव्हा. नेमके शब्द सांगा."

नऊ महिन्यांत त्यानं ते शब्द कोणाला सांगितले नव्हते.

"म्हणाली, अहो, जरा गॅस बंद करता का."

"बस?"

"बस एवढंच."

"ती स्वयंपाकघरातच होती ना. स्वतः काहून नाही बंद केला, असं नाही वाटलं तुम्हाला?"

"नाही वाटलं. मला वाटलं हात कणकेचे असतील."

पलीकडे चिन्मयी रडत होती. आवाज दाबून, पण त्याला ऐकू येत होतं. तो फोन कानाला धरून उभा राहिला. मध्ये बोलावं की नाही ते त्याला समजेना. शेवटी तिनं नाक ओढलं.

"मी सारखं विचार करत होते की काहीतरी मोठं म्हणाली असेल. माझं नाव घेतलं असेल."

"नाही गं."

"हं." मग ती म्हणाली, "मला राग आहे बाबा. तो जाईल की नाही मला माहीत नाही."

"बरं."

"रंग झाला का?"

"आत्ताच झाला. रात्रीपर्यंत वाळेल, उद्या उचलता येईल. सांधा मी दोनदा तपासला. धोंडबानंही तपासला."

"मग असं करू. उद्या आधी मी बसते तुमच्यासोबत. आपण दोघंच जाऊ, मध्यापर्यंत. मयुरा काठावर थांबेल रोहितजवळ. आपण परत आलो की मग ती बसेल."

उद्या तलावाच्या मध्यावर, त्या पेटीच्या दोन बाजूंना ते दोघं, आणि आजूबाजूला कुठे उठून जायला जागा नाही.

"हो," तो म्हणाला. टेम्पो सहाला येतो, असं त्यानं सांगितलं. पाण्यावर सकाळी गार असतं, काहीतरी अंगावर घेऊन ये, असंही सांगितलं. ती हो म्हणाली, आणि दोघांपैकी कोणीच लगेच फोन ठेवला नाही.